पाहणाऱ्यांचे माथेरान

वागळे इस्टेटमधून सुट्टीत माथेरानला निघालेला प्रवासी नकळत ठाण्याच्याच एका कलेक्टराच्या वाटेने जात असतो. १८५० मध्ये ह्यू मॅलेट यांनी माथेरान ‘शोधले’ असे म्हणतात. वस्तुतः ठाकूर, कातकरी, धनगर त्या डोंगरावर आधीपासूनच वावरत होते. पाहुण्यांनी मात्र आपली दृष्टी नावांतून कोरली : लुइझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शार्लट लेक. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली आणि त्या दृष्टीचे वारसदार वाढले. आपली प्रवासवर्णनेही बहुधा याच पॉइंटांवरून दरी न्याहाळतात. डोंगरावर ओझी वाहणाऱ्याला ती दरी कशी दिसते, हे त्यांत क्वचितच येते. म्हणूनच निसर्गवर्णन वाचताना, पाहणारा नेमका कोठे उभा आहे, हे आधी विचारावे.