तळटीप : ‘पक्षांतर्गत पक्ष’

३. ‘पक्षांतर्गत पक्ष’ : लेखकाचा रोख काँग्रेस समाजवादी पक्षाकडे आहे. १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात कारावास भोगणाऱ्या जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी प्रभृती तरुणांच्या चर्चांतून ज्याची कल्पना उद्भवली, तो हा पक्ष मे १९३४ मध्ये पाटण्यास आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेतून आकारास आला. त्याची घटना व परिषदा स्वतंत्र असत. मात्र त्याच्या सभासदाने काँग्रेसचेही सभासद असलेच पाहिजे, असा दंडक होता. ही वहिवाट १९२३ च्या स्वराज्य पक्षापासून पडलेली होती. कारण स्वराज्याचे उद्दिष्ट मान्य असले म्हणजे कायदेमंडळ-प्रवेश, जमीनदारी वा कारखानदारी यांविषयींचे मतभेद सभासदत्वाच्या आड येत नसत. तथापि हा संसार बिनतक्रार चालला नाही. १९३६ साली जवाहरलाल नेहरूंनी नरेंद्र देव, जयप्रकाश व अच्युतराव यांना कार्यकारिणीत वल्लभभाई पटेल, राजगोपालाचारी यांच्या पंक्तीस बसविले. परंतु समाजवादाच्या प्रचारास हरकत घेऊन त्या जूनमध्ये पटेलप्रभृती सात सभासदांनी राजीनामे दिले, आणि गांधीजींच्या मध्यस्थीने ते परतही घेतले. १९४८ च्या आरंभी स्वतंत्र घटना असलेल्या अंतर्गत पक्षांस मज्जाव करणारी दुरुस्ती काँग्रेसने मंजूर केली, तेव्हा मार्चमधील नाशिक अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसचा त्याग केला. नावातील ‘काँग्रेस’ हा शब्द त्यांनी आदल्याच वर्षी गाळला होता. सबब पुढील प्रकरणांतील ‘समाजवादी पक्ष’ हा उल्लेख वाचकांनी याच पक्षाचा समजावा.