नौकेवरील ॲक्शन कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड व बॅटरी

ॲक्शन कॅमेरा हा अंगावर, शिरस्त्राणावर किंवा वाहनावर घट्ट बसवून हलत्या स्थितीत चलचित्रण करण्यासाठी बनवलेला लहान डिजिटल कॅमेरा होय. शिडाच्या नौका, कयाक, मासेमारीचे मचवे आणि पाणबुड्यांना घेऊन जाणाऱ्या बोटी यांवर त्याचा वापर मोठ्या प्रमाणात होतो. कॅमेरा कितीही चांगला असला, तरी चित्रण शेवटी हाती लागते की नाही, हे त्यातील मेमरी कार्ड व बॅटरी या दोन भागांवर ठरते. जमिनीवर कार्ड भरले वा बॅटरी संपली, तर झाकण उघडून ती बदलता येते. नौकेवर मात्र झाकण उघडणे हाच मुख्य धोका असतो. तुषार, ओले हात आणि क्षारयुक्त वारा यांना आत शिरण्यास तेवढी फट पुरते. त्यामुळे नौकेसाठी कार्ड व बॅटरी निवडताना, झाकण कितीदा उघडावे लागेल, हा प्रश्न किंमत व आकड्यांच्या आधी विचारावा लागतो.

पार्श्वभूमी

या प्रकारच्या कॅमेऱ्याचे पाण्याशी नाते जन्मापासूनचे आहे. गोप्रो कंपनीचे संस्थापक निक वुडमन यांना लाटांवर स्वार होताना स्वतःचे छायाचित्रण करता यावे, या गरजेतून ही कल्पना सुचली. कंपनीचा २००४ सालचा पहिला कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा होता. त्याच वर्षी सॅनडिस्क कंपनीने ट्रान्सफ्लॅश नावाचे नखाएवढे कार्ड बाजारात आणले. २००५ मध्ये एसडी असोसिएशनने ते स्वीकारले आणि त्यास मायक्रोएसडी हे नाव मिळाले. १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड असे हे कार्ड आज बहुतेक सर्व ॲक्शन कॅमेऱ्यांत वापरले जाते. हलत्या डेकवर एवढीशी वस्तू बोटांतून निसटली, तर ती सापडण्याची आशा फारशी नसते.

मेमरी कार्डाचा वेग

कार्डाच्या वेष्टनावर ठळकपणे छापलेला वेग हा बहुधा वाचनाचा, म्हणजे संगणकावर चित्रण उतरवून घेण्याचा असतो. चित्रणासाठी महत्त्वाचा असतो तो लेखनाचा किमान अखंड वेग. तो कार्डावरील लहान चिन्हांवरून कळतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकृतीत ३ हा अंक असेल, किंवा व्ही अक्षरापुढे ३० हा अंक असेल, तर ते कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट अखंड लिहू शकते, असा त्याचा अर्थ. यूमधील १ हा अंक किमान १० मेगाबाइट दर्शवतो.

येथे मेगाबिट व मेगाबाइट यांतील गोंधळ टाळणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याचा चित्रणदर मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट दराने होणारे ४के चित्रण प्रत्यक्षात सेकंदाला १२.५ मेगाबाइट एवढीच जागा व्यापते. व्ही३० कार्ड हा दर सहज पेलते. त्याहून वरच्या व्ही६० व व्ही९० श्रेणींसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण सामान्य ॲक्शन कॅमेऱ्याच्या बाबतीत सहसा उरत नाही. ए१ व ए२ ही चिन्हे मोबाइलमधील ॲप चालवण्याच्या क्षमतेची आहेत. अखंड चित्रणाची हमी त्यांतून मिळत नाही.

किती क्षमतेचे कार्ड घ्यावे

वरील दराने ६४ गीगाबाइटच्या कार्डावर सुमारे ८५ मिनिटांचे चित्रण मावते, १२८ गीगाबाइटवर पावणेतीन तासांहून थोडे अधिक, तर २५६ गीगाबाइटवर साडेपाच तासांहून अधिक. ॲक्शन कॅमेऱ्याची एक बॅटरी ४के चित्रणात साधारणपणे एक ते दीड तास चालते. यावरून एका बॅटरीमागे ६४ गीगाबाइट हे व्यवहारात उपयोगी पडणारे गणित निघते. ज्याच्यापाशी दोन बॅटऱ्या आहेत, त्याने १२८ गीगाबाइटचे एकच कार्ड घ्यावे. म्हणजे झाकण फक्त बॅटरीसाठी, एकदाच आणि तेही केबिनमध्ये उघडावे लागेल.

अनेक छोटी कार्डे जवळ ठेवल्यास एक खराब झाले तरी सारे जात नाही, हा छायाचित्रकारांचा जुना सल्ला जमिनीवर योग्यच आहे. नौकेवर मात्र कार्ड बदलताना ते हरवण्याचा वा ओले होण्याचा संभव कार्ड बिघडण्याच्या संभवाहून अधिक असतो. त्यामुळे दिवसभर एकच मोठे कार्ड आत ठेवावे आणि मुक्कामी पोहोचताच चित्रण उतरवून घ्यावे, ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते. अनेक दिवसांच्या सफरीत रोज नवे कार्ड घालून जुने बंद डबीत ठेवणे उत्तम.

बाजारात नकली कार्डेही असतात. त्यांतील काही स्वतःची क्षमता खोटी सांगतात. १२८ गीगाबाइट म्हणून विकलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ किंवा १६ गीगाबाइटच जागा असते आणि ती भरल्यावर पुढचे चित्रण कोणतीही सूचना न देता नष्ट होते. सफरीआधी संगणकावर कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणे, हा याची खातरजमा करण्याचा सोपा उपाय आहे. त्यासाठी मोफत संगणकप्रणाली मिळतात. त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

मध्येच वीज गेल्यास

चलचित्राच्या फाइलची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबवतानाच लिहिली जाते. त्याआधी वीज तुटली, तर कार्डावर माहिती असूनही फाइल उघडत नाही. कॅमेरे लांब चित्रणाचे भाग पाडतात ते याच ठिकाणी उपयोगी पडते. ४ गीगाबाइटचा एक भाग १०० मेगाबिट दराने सव्वापाच मिनिटांत पुरा होतो. अपघात झाला तर सहसा शेवटचा भागच जातो, आधीचे सुरक्षित राहतात. काही नवी मॉडेल्स याहून मोठे भाग पाडतात. फाइल उघडत नसल्यास कार्डावर नवे चित्रण न करता ते त्याच कॅमेऱ्यात घालून पाहावे; अनेक कॅमेरे अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करतात. नौकांची टक्कर वा शर्यतीतील तक्रार अशा प्रसंगी नेमकी शेवटची मिनिटेच हवी असतात, म्हणून बॅटरीचा शेवटचा थेंब संपेपर्यंत चित्रण चालू ठेवू नये.

बॅटरी

या कॅमेऱ्यांत पुन्हा भारित करता येणारी लिथियम-आयन बॅटरी असते. तिची क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापतात, परंतु वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांची तुलना वॅट-तासांतच करता येते. उदाहरणार्थ, गोप्रो हीरो ९ ची १,७२० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ६.६ वॅट-तासांची भरते. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक तिला जवळजवळ सहा वेळा भारित करील, असे भागाकारावरून वाटते; पण पॉवर बँकेतील सेलचे व्होल्टेज कमी असते आणि रूपांतरात ऊर्जा वाया जाते, त्यामुळे चार वेळा भारित झाली तरी पुष्कळ.

थंडीत बॅटरीची उपलब्ध क्षमता घटते. उत्तरेकडील थंड समुद्रांत दुसरी बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवतात, ते यासाठीच. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर अडचण उलटी आहे. नांगरलेल्या नौकेवर वारा पडला की उन्हात ठेवलेला कॅमेरा तापून आपोआप बंद होतो. अशा वेळी चित्रणाची प्रतिमासंख्या कमी करणे किंवा छोटे तुकडे चित्रित करणे, हे नवी बॅटरी घालण्यापेक्षा उपयुक्त असते.

दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त बॅटऱ्या सर्वच वाईट नसतात. तथापि ज्यांच्या संरक्षक मंडलाविषयी काहीच कळत नाही, अशा बॅटऱ्या किमान नौकेवर तरी नेऊ नयेत. किंचितही फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात अडकून बसू शकते. ती वापरातून काढावी.

दीर्घ चित्रणासाठी यूएसबी केबलने बाहेरून वीज देता येते. पण केबलसाठी झाकण उघडे ठेवले की कॅमेऱ्याचे जलरोधन संपते. त्यासाठी छिद्र असलेली झाकणे मिळतात. ती बहुधा पावसाचे थेंब व तुषार अडवतात, बुडी सहन करत नाहीत. काही कॅमेरे आतील बॅटरी काढूनही बाहेरच्या विजेवर चालतात व त्यामुळे कमी तापतात. नौकेच्या हिंदोळ्यात केबल निसटणे नेहमीचेच असल्याने आतली बॅटरी राहू द्यावी. वीज नौकेच्या १२ व्होल्ट यंत्रणेतून घेतल्यास इंजिन सुरू होताना व्होल्टेज खालीवर होते; मध्ये पॉवर बँक असणे बरे. पॉवर बँक, केबल वा चुंबकी पकड होकायंत्राजवळ ठेवू नये, कारण त्यांच्या चुंबकक्षेत्राने सुई ढळते.

खारे पाणी व आर्द्रता

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असे पाणी विजेचे चांगले वाहक असते. मायक्रोएसडी कार्ड पाण्यात पडून सहसा मरत नाही. ते ओले असताना वीज मिळाली, तर मात्र त्याचे सोनेरी संपर्कबिंदू गंजतात. असे कार्ड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच वापरावे. बॅटरीला ही सवलत नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी वरून कोरडी दिसली तरी ती पुन्हा भारित करू नये.

कॅमेरा समुद्रावरून परत आल्यावर झाकण बंद असतानाच गोड्या पाण्यात बुडवून धुतात आणि पुसून कोरडा केल्यावरच उघडतात. झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण वा केस असला, तरी पाणी शिरते. दमट हवेत कॅमेऱ्याची पेटी बंद केली, तर आतली आर्द्रता पाण्यात उतरताच काचेवर धुके धरते. तारकर्ली-मालवण भागात बुडी मारणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो. त्यासाठी बॅटरी व कार्ड आदल्या रात्री कोरड्या खोलीतच बसवून पेटीत आर्द्रताशोषक पट्ट्या घालतात.

भारित करताना आगीचा धोका

२ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या कन्सेप्शन या पाणबुड्यांच्या बोटीला आग लागून ३४ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी खालच्या कक्षात झोपले होते आणि वरच्या दालनात फोन, दिवे, कॅमेरे यांच्या बॅटऱ्या भारित होत होत्या. बोट जळून बुडाल्याने आगीचे नेमके मूळ निश्चित करता आले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने संभाव्य कारणांत या बॅटऱ्यांचा समावेश केला, आणि रात्रीच्या गस्तीचा अभाव हा मुख्य दोष ठरवला. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकी तटरक्षक दलाने देखरेखीविना लिथियम बॅटऱ्या भारित करण्यावर, तसेच विस्तारक पट्ट्यांच्या अतिवापरावर मर्यादा घालण्याची सूचना नौकामालकांना केली.

म्हणून नौकेवर रात्री बॅटऱ्या भारित करायला न लागणे, हाही निवडीचा एक निकष मानला पाहिजे. दिवसाच्या गरजेएवढ्या बॅटऱ्या किनाऱ्यावरूनच भरून नेता आल्या, तर उत्तम. तसे न जमल्यास जागे असताना, कठीण पृष्ठभागावर, बाहेर जाण्याच्या वाटेपासून दूर आणि अंथरुणापासून लांब त्या भारित कराव्यात. सुट्या बॅटऱ्यांची टोके नाणी वा किल्ल्यांना लागू नयेत, यासाठी त्या प्लास्टिकच्या डबीत ठेवतात. सफरीसाठी विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक हातातील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सहसा वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरी या मर्यादेच्या खूपच खाली असते. निकामी बॅटऱ्या समुद्रात वा घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रावर द्याव्यात. भारतात त्यांच्या विल्हेवाटीसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत.