भट्टीतून आलेला शनीचा खडा

वाशीच्या सेक्टर १७ मधल्या सराफी दुकानांत सोन्याच्या झगमगाटाला लागूनच राशीच्या खड्यांचा ट्रे असतो. माणिक, पाचू, पोवळे, पुष्कराज, लसण्या आणि या सगळ्यांत जरा दबकूनच बघितला जाणारा नीलम. त्यासाठी येणारे गिऱ्हाईक बहुधा पत्रिका दाखवून आलेले असते. साडेसाती लागली आहे, सव्वापाच रत्तीचा नीलम पंचधातूत किंवा चांदीत मढवून शनिवारी मधल्या बोटात घाला, असे कुणीतरी सांगितलेले असते. त्याचे प्रश्न दोनच: मानवेल का आणि केवढ्याला? यावर ठरलेला सल्ला मिळतो, तीन दिवस उशीखाली ठेवून बघा, वाईट स्वप्न पडले तर परत करा. खडा ट्रेमध्ये येण्याआधी काय काय सोसून आला, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

नीलमाचे जुने दप्तर उघडले तर शनी लवकर सापडत नाही. सापडतो तो खजिनदार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यायच्या रत्नांची पारख सांगणारे एक प्रकरण आहे आणि त्यात इंद्रनीलाच्या छटा नावांनिशी दिल्या आहेत. जांबवाभ म्हणजे जांभळाच्या रंगाचा, जीमूतप्रभ म्हणजे पावसाळी ढगासारखा, कलायपुष्पक म्हणजे वाटाण्यासारख्या वेलीच्या फुलाचा. वाचताना हा ग्रह-ताऱ्यांचा ग्रंथ वाटतच नाही. माल जमा करून घेणाऱ्या चोख अधिकाऱ्याची नोंदवही वाटते. कुणाची दशा सुधारावी यासाठी ही यादी केलेली नाही.

पुढे रत्नपरीक्षेचे स्वतंत्र शास्त्र झाले. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा आणि गरुडपुराणातले रत्नांचे अध्याय हे त्याचे ठळक ग्रंथ. बल नावाच्या असुराच्या देहाचे तुकडे विखुरले, त्याचे डोळे सिंहलद्वीपात पडले आणि त्यांचे इंद्रनील झाले, ही कथा तिथली. कथा काल्पनिक, पण पत्ता अचूक: आजही उत्तम नीलम श्रीलंकेच्या रत्नपुरा भागातल्या गाळातून निघतात. आपल्या शंभरपट दुधाला निळी झाक आणतो तो महानील, अशी एक परीक्षाही तिथे आहे. दुधाच्या पेल्यात खडा टाकून दाखवायचे खेळ अजून चालतात, पण निळ्या काचेचा तुकडाही तेवढेच काम करतो. जुन्या ग्रंथकारांना काचेची लबाडी चांगली ठाऊक होती. खरा मणी वजनाने आणि कठीणपणाने ओळखावा, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

गरुडपुराणात आणखी एक सूचना आहे आणि आजच्या बाजारासाठी तीच सर्वांत अडचणीची. पारख करण्यासाठी किंवा गुण वाढवण्यासाठी इंद्रनील कधीही अग्नीत घालू नये. आचेचा अंदाज चुकला तर मणी दूषित होतो आणि तो मालकाला, तापवणाऱ्याला व तापवून घेणाऱ्याला, तिघांनाही अनर्थकारक ठरतो.

शनीशी त्याचे लग्न लागले ते नंतर. नऊ ग्रहांना नऊ रत्ने वाटून देणारा, आजच्या ज्योतिषांच्या तोंडी असलेला श्लोक जातकपारिजात या ग्रंथात येतो. तो ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला मानतात. श्लोक झाला म्हणून सामान्य घरात नीलम आला, असे मात्र नाही. तो परवडणार कुणाला? मराठी माणसाने शनीचा बंदोबस्त स्वस्तात केला. शनिवारचा उपास, मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ, तात्याजी महीपतींच्या शनिमाहात्म्याचे वाचन. शनिशिंगणापूरला जाऊन पाहावे: उघड्या चौथऱ्यावर एक काळी शिळा, तिला ना कळस ना गाभारा, नैवेद्य तेलाचा. ज्या देवाच्या नावाने हजारोंचा खडा घ्यायचा, तो स्वतः साध्या दगडाच्या रूपात उन्हापावसात उभा आहे.

खड्याची जात पाहिली तर तीही फार मोठ्या घरची नाही. नीलम म्हणजे कुरुंद, म्हणजेच ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. कठीणपणात हिऱ्याला दहा गुण, तर याला नऊ. निखळ कुरुंद बिनरंगी असतो. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक, लोह आणि टायटॅनियम जोडीने आले की नीलम, नुसत्या लोहाने पिवळा पुष्कराज. म्हणजे रवी, शनी आणि गुरू या तीन ग्रहांची रत्ने खनिजशास्त्राच्या दृष्टीने एकाच आईची. त्यांचा गरीब भाऊबंद महाराष्ट्रातही आहे: भंडारा जिल्ह्यात पोहरा परिसरात अपारदर्शक कुरुंद सापडतो. धार लावायच्या दगडात जातो तो हाच. नवी मुंबईच्या पाठीशी असलेल्या पारसिकच्या डोंगरात मात्र काही शोधू नये. थायलंड-ऑस्ट्रेलियात बेसाल्टबरोबर नीलम वर आले, आपल्या बेसाल्टने खडी आणि झिओलाइटची स्फटिके तेवढी दिली.

भारताने जगाला दिलेला नीलम आला काश्मीरमधून. १८८१ च्या सुमारास किश्तवाडकडच्या पाडर खोऱ्यात, सुमजाम गावाच्या वर, दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. जागा साडेचार हजार मीटर उंचीवरची. बर्फामुळे वर्षातले जेमतेम तीन महिने काम करता येई. सुरुवातीला स्थानिकांनी हे खडे मिठाच्या बदल्यात दिल्याचे सांगतात. बातमी जम्मूला पोचताच महाराजांनी तिथे शिपायांचा पहारा बसवला. पहिली पाच-सहा वर्षे काय निघाले ते निघाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश १८८७ मध्ये पाहणीला गेले, तेव्हा मूळ साठा जवळपास संपला होता. त्यानंतर अनेकांनी नशीब अजमावले, तो बहर परत आला नाही. काश्मिरी नीलमात अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात, त्यांच्यावर प्रकाश पसरतो आणि निळ्या रंगाला मखमली साय आल्यासारखी दिसते. ऑक्टोबर २०१५ मध्ये हाँगकाँगच्या सदबीज लिलावात २७.६८ कॅरटचा काश्मिरी नीलम सुमारे ६७ लाख डॉलरना गेला, म्हणजे कॅरटला दोन लाख चाळीस हजारांवर. त्या किमतीतला मोठा वाटा एका गोष्टीचा होता: त्याला आच लागलेली नव्हती.

नीलमाच्या कोपाच्या कथांत लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला 'दिल्ली पर्पल सॅफायर' फार गाजतो. १८५७ मध्ये कानपूरच्या इंद्रमंदिरातून लुटलेला, ज्याच्याकडे गेला त्याचे वाटोळे करणारा, अशी त्याची ख्याती त्याचा मालक एडवर्ड हेरॉन-ॲलन याने लिहून ठेवली. हा खडा नीलम नाही. तो ॲमेथिस्ट आहे, जांभळी गारगोटी.

मग वाशीच्या ट्रेमध्ये मध्यमवर्गाच्या आवाक्यातला नीलम आला कुठून? त्याला दोन हात लागले. पहिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगुस्त व्हेर्नुई. त्याने ज्योतीत भुकटी वितळवून कृत्रिम माणिक बनवल्याचे १९०२ मध्ये जाहीर केले आणि काही वर्षांत लोह-टायटॅनियमचे गणित सोडवून निळा खडाही तयार केला. दुसरा हात थाई व्यापाऱ्यांचा. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधट, कवडीमोल कुरुंद ढिगांनी पडून होते. त्यांचा दुधटपणा म्हणजे आत अडकलेल्या रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या सुया. १९७० च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि दीड हजार अंश सेल्सिअसच्या वरच्या भट्टीत घातले. सुया विरघळल्या, टायटॅनियम लोहाच्या जोडीला गेले आणि दुधट दगड गडद निळा होऊन बाहेर आला. माणिक फुंकणीने तापवण्याची रीत श्रीलंकेत जुनीच होती. नीलमाचे नशीब पालटले ते या भट्टीने. आज जगाच्या बाजारातला बहुतांश नीलम तापवलेला आहे.

व्यापारात ही प्रक्रिया मान्य आहे, सांगून विकली तर त्यात फसवणूकही नाही. पण गंमत बघण्यासारखी आहे. शास्त्राप्रमाणे खडा घालायचा म्हणून माणूस दुकानात येतो आणि ज्या खड्याला शास्त्राने अनर्थकारक म्हटले, नेमका तोच बोटात घालून जातो. श्रद्धेने नीलम घेणाऱ्याने तरी हा प्रश्न दुकानदाराला आणि ज्योतिषाला, दोघांनाही विचारायला हवा.

दहापट भिंगाखाली खडा बरेच बोलतो. न तापवलेल्या नीलमात रेशमासारख्या बारीक सुया साठ अंशांच्या कोनात एकमेकींना छेदताना दिसतात, रंगाचे पट्टे सरळ रेषेत असतात. व्हेर्नुईच्या खड्यात तेच पट्टे वक्र, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारखे, आणि मधूनच हवेचे बुडबुडे. अलीकडे तिसरा प्रकार आला आहे: भेगांनी भरलेल्या कुरुंदात कोबाल्टची निळी शिसेयुक्त काच भरतात. तो हलवला की भेगेत निळी चमक मारते. अंगठी उजळायला सराफाने तेजाबात टाकली की भेगा उघड्या पडतात.

वजनातही खोच आहे. जुनी गुंजेची रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅमची, खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची. म्हणजे 'सव्वापाच रत्ती' कधी सव्वातीन कॅरटच्या आत भरते, कधी पावणेपाचच्या जवळ जाते. कॅरट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच.

नवी मुंबईत महापे येथे रत्न-आभूषण निर्यात परिषदेचे इंडिया ज्वेलरी पार्क उभे राहत आहे, म्हणजे हा व्यवसाय झवेरी बाजारातून खाडीपलीकडे सरकतो आहे. तोवर गिऱ्हाइकाने आपले काम करावे. खडा घ्यायचाच असेल तर वजन कॅरटमध्ये मागा, तापवलेला आहे की नाही आणि काच भरली आहे का, हे पावतीवर लिहून घ्या. मुंबईत रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या अहवालावर उष्णता प्रक्रियेचा उल्लेख असतो. मोठी रक्कम मोजणार असाल तर अहवाल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. तीन दिवस उशीखाली ठेवून यातले काहीही कळत नाही.