कॉलेज आणि कारखाना

ज्ञान आणि उपजीविका यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न शिक्षणाचा प्रसार होऊं लागलेल्या प्रत्येक समाजापुढें आज ना उद्यां उभा राहतोच. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत ‘कम्युनिटी कॉलेज’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थांनीं तो कसा हाताळला, याचा इतिहास सुशिक्षित वाचकांनीं मनन करण्याजोगा आहे.

या संस्थांचा उगम कारखान्याशेजारीं झालेला नाहीं. १९०१ सालीं इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें, हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांनीं शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेनें, सहा विद्यार्थ्यांनिशीं कॉलेजचीं पहिलीं दोन वर्षें शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यानें घरीं राहून, थोडक्या खर्चांत विद्यापीठाचा अर्धा जिना चढावा, हा त्यामागील मुख्य हेतु होता.

कामांतून शिकविण्याची कल्पना दुसऱ्या ठिकाणीं रूढ झाली. गरजू विद्यार्थी पोटासाठीं कांहीं ना कांहीं काम करीतच असतात, परंतु त्या कामाचा अभ्यासाशीं संबंध नसतो, हें हर्मन श्नायडर या एंजिनियरिंगच्या प्राध्यापकानें हेरलें होतें. १९०६ सालीं त्यांनीं सिनसिनाटी विद्यापीठांत २७ विद्यार्थी घेऊन प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक वर्गांत बसला कीं दुसरा कारखान्यांत पगारी काम करी, आणि आठवडा संपतांच दोघे जागा बदलीत. व्यवसायाचा कांहीं भाग असा असतो कीं तो फळ्यावर शिकवितांच येत नाहीं, अशी श्नायडर यांची धारणा होती. १९२२ सालीं कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड ज्युनियर कॉलेजनें हीच सहकारी पद्धति स्वीकारली, आणि दोन प्रवाह एकत्र आले.

परंतु या संगमापूर्वींच एक गंभीर शंका उपस्थित झाली होती. १९१५ सालीं डेव्हिड स्नेडन आणि जॉन ड्यूई यांच्यांत वाद झाला. समाजाच्या उत्पादनास उपयोगी पडतील असे कुशल कामकरी तयार करावे, असें स्नेडन यांचें मत. ड्यूई कामाचे द्वेष्टे मुळींच नव्हते. पण प्रचलित उद्योगव्यवस्थेंत तरुणांना नुसतें बसवून देणारें शिक्षण त्यांना मान्य नव्हतें. ती व्यवस्था समजून घेऊन ती सुधारण्याची शक्ति विद्यार्थ्याच्या अंगीं यावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या आयोगानें ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव पुरस्कारिलें व अशा संस्थांचा विस्तार सुचविला. पुढें १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागांत लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत उघडलें. आरंभींच्या काळांत तेथील पूर्णवेळ विद्यार्थ्यांस कांहीं सत्रें प्रत्यक्ष नोकरी करणें आवश्यक असे. आणि त्या अनुभवाची चिकित्सा करण्यासाठीं चर्चावर्गही चाले. ही दुसरी व्यवस्था पहिलीइतकीच महत्त्वाची होय. चर्चावर्गाविना ती नोकरी इतर कोणत्याही नोकरीसारखीच राहिली असती.

आज या कॉलेजांत येणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण आधींच कोठें तरी राबत असतात. दुकानांत माल मांडून रात्रीं वर्गास येणाऱ्या मुलीला ‘श्रमाचा अनुभव घे’ असें सांगणें ही क्रूर थट्टा आहे. तिला हवें तें निराळें काम. जें तिच्या अभ्यासाशीं जोडलेलें आहे आणि ज्याचा मोबदला मिळतो. विनावेतन उमेदवारी करावयास घरचा आधार लागतो. ज्याला महिन्याचें घरभाडें स्वतः भरावयाचें आहे, त्याच्यापुढें ती संधि मांडली काय आणि न मांडली काय, सारखेंच! गरिबांसाठीं उघडलेलें दार अशा रीतीनें नकळत पुन्हां लोटलें जातें.

श्नायडर यांच्या जोडींतील विद्यार्थी कारखान्यांत गेला तरी त्याला पगार मिळे, आणि पुढल्याच आठवड्यांत तो वर्गांत परत येई. कामांतून मिळणाऱ्या शिक्षणाची कसोटी या दोन गोष्टींत आहे. पगार नसेल तर तो विद्यार्थी तेथवर पोंचणारच नाहीं. आणि वर्गांत परत येण्याची वाट नसेल, तर मालकाला स्वस्त मजूर मिळेल व विद्येच्या पदरीं कांहींच पडणार नाहीं.