औद्योगिक बारकोडच्या परिभाषेची कुळकथा

नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना बारकोडचे अमेरिकी पेटंट १९५२ साली मिळाले. किराणा दुकानातला हिशेब झटपट व्हावा, हा त्यांचा हेतू. पण आज दुकानात दिसणाऱ्या यूपीसी कोडने पहिली विक्री झाली ती १९७४ साली, ओहायोतल्या ट्रॉय गावी. तोवर बारकोड रेल्वेत आणि कारखान्यांत जाऊन पोचला होता. औद्योगिक स्कॅनिंगची परिभाषा घडली ती मुख्यतः तिथल्या अडचणींतून.

सिल्व्हेनिया कंपनीतल्या डेव्हिड कॉलिन्स यांनी मालगाडीचे डबे ओळखण्यासाठी ‘कारट्रॅक’ पद्धत विकसित केली. रंगीत, परावर्तक पट्ट्या डब्यावर एकाखाली एक लावलेल्या असत. उत्तर अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी ती १९६७ साली स्वीकारली, पण पट्ट्या मळून वाचेनाशा होत आणि पुढच्या दशकात ती सोडून द्यावी लागली. कॉलिन्स यांनी १९६८ साली कॉम्प्युटर आयडेंटिक्स ही स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी मिशिगनमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात स्कॅनर बसवला.

कन्व्हेयरवरून सरकणाऱ्या मालावर लेबल कसे लावायचे, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असल्या तर ती ‘लॅडर’ मांडणी आणि कुंपणाच्या दांड्यांसारख्या उभ्या असल्या तर ‘पिकेट फेन्स’. लॅडरमध्ये किरण वरून खाली फिरतो आणि माल पुढे सरकत असल्याने प्रत्येक फेरीत रेघांचा नवा भाग वाचला जातो. पिकेट फेन्समध्ये एकाच रेषेत फिरणारा किरण दर वेळी त्याच उंचीवरून जातो. नेमका तिथेच ओरखडा असला की वाचन फसते. म्हणून अशा ठिकाणी एकाखाली एक अनेक रेषा टाकणारा ‘रास्टर’ स्कॅनर वापरतात.

कोड वाचलाच गेला नाही तर त्याला ‘नो-रीड’ म्हणतात. तो माल बाजूला काढून हाताने नोंदवता येतो. ‘मिसरीड’ मात्र घातक, कारण चुकीचा क्रमांक बिनबोभाट पुढे जातो. इंटरमेक कंपनीतल्या डेव्हिड अ‍ॅलेस यांनी १९७२ साली ‘इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह’ रचला. त्यात एक अंक काळ्या रेघांत, तर पुढचा अंक त्यांच्यामधल्या पांढऱ्या जागांत गुंफलेला असतो. जागा वाचते, पण किरण तिरका जाऊन मध्येच बाहेर पडला तर अर्धा कोडही पूर्ण क्रमांक म्हणून वाचला जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून कोडच्या वर-खाली जाड आडव्या पट्ट्या छापू लागले. त्या ‘बेअरर बार’. खोक्यांवर छापताना ठशाचा दाब सारखा ठेवायलाही त्यांचा उपयोग होतो.

१९७४ साली अ‍ॅलेस आणि रे स्टीव्हन्स यांनी ‘कोड ३९’ आणला. त्यात अंकांबरोबर अक्षरेही बसतात. सुट्या भागांच्या क्रमांकांना ती लागतातच. प्रत्येक चिन्हात रेघा आणि मोकळ्या जागा मिळून नऊ घटक असतात, त्यांतले तीन रुंद. म्हणून त्याला ‘थ्री ऑफ नाइन’ असेही म्हणतात. छपाईत एखादा घटक बिघडला तरी त्यातून दुसरे वैध चिन्ह तयार होत नाही. या गुणाला ‘सेल्फ-चेकिंग’ म्हणतात आणि कोड ३९ कारखान्यांत इतका टिकला त्याचे मोठे श्रेय याच गुणाला द्यायला हवे.

सर्वांत अरुंद रेघेची रुंदी म्हणजे ‘एक्स-डायमेन्शन’. बाकीची मापे तिच्या पटीत सांगतात. कोड ३९ च्या दोन्ही बाजूंना दहा एक्स इतकी कोरी जागा, म्हणजे ‘क्वाएट झोन’, सोडावी लागते; ती नसेल तर कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे स्कॅनरला ठरवता येत नाही. छपाई चांगली की वाईट हे पूर्वी ज्याच्या-त्याच्या स्कॅनरवर ठरे. १९९० च्या अमेरिकी मानकाने ए, बी, सी, डी आणि एफ अशा श्रेणी ठरवून दिल्या.

डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी १९९४ साली जपानी मोटार उद्योगातल्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी क्यूआर कोड तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांना ‘फाइंडर पॅटर्न’ म्हणतात. काळ्या-पांढऱ्याचे १:१:३:१:१ हे प्रमाण इतर छापील मजकुरात क्वचितच आढळते, म्हणून ते निवडले. लहान धातूच्या भागांवर थेट कोरायला ‘डेटा मॅट्रिक्स’ हा ठिपक्यांचा चौकोनी कोड जास्त वापरतात. अशा कोरीव खुणेत, म्हणजे ‘डायरेक्ट पार्ट मार्किंग’मध्ये, शाई नसते आणि ठिपका फक्त सावलीमुळे दिसतो. त्यामुळे कागदावरच्या छपाईचे निकष तिथे पुरत नाहीत. प्रकाश कोणत्या कोनातून टाकायचा हेही तपासणीत ठरवून द्यावे लागते.