उज्जीवन सभा, बॅप्टिस्ट पंथातील

ख्रिस्ती मंडळीची मंदावलेली श्रद्धा पुन्हा सतेज व्हावी आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांना पश्चात्तापाची प्रेरणा मिळावी, या हेतूने सलग अनेक दिवस भरविण्यात येणाऱ्या प्रार्थना व प्रवचनांच्या सभा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः त्यांच्या दक्षिण भागात, त्या पुष्कळदा मोकळ्या मैदानात उभारलेल्या कापडी तंबूत भरतात. अशा सभांत घडून येणारे मनःपरिवर्तन हे पवित्र आत्म्याचे कार्य, की वक्तृत्व, संगीत व जनसमूह यांचा तात्कालिक परिणाम, हा वाद बॅप्टिस्ट पंथात अठराव्या शतकापासून चालत आला आहे. ही चर्चा इतर प्रॉटेस्टंट पंथांतही झाली. तथापि बॅप्टिस्टांच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे, कारण त्यांच्या मंडळीचे सभासदत्वच व्यक्तीच्या मनःपरिवर्तनावर आधारलेले असते.

पंथविचाराची पार्श्वभूमी : बॅप्टिस्ट पंथाचा उगम सतराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. जॉन स्मिथ यांनी १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे आश्रयास असलेल्या इंग्रज अनुयायांची मंडळी श्रद्धावंतांच्या बाप्तिस्म्याच्या तत्त्वावर उभी केली व टॉमस हेल्विस यांनी १६१२ च्या सुमारास ते तत्त्व इंग्लंडमध्ये नेले. अर्भकांना बाप्तिस्मा देणे या पंथास अमान्य आहे. ज्याने स्वतः पश्चात्ताप करून ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली आहे, त्याने मंडळीसमोर तशी साक्ष द्यावी, मंडळीने ती पारखावी व मगच त्याला बाप्तिस्मा देऊन सभासद करून घ्यावे, असा मूळ दंडक होय. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. तिच्यावर बिशपचा वा धर्मपरिषदेचा अधिकार चालत नाही.

या दोन तत्त्वांमुळे उज्जीवनाचा प्रश्न बॅप्टिस्टांना टाळता येत नाही. सभेतील मनःपरिवर्तन खरे असेल, तर मंडळी वाढते. ते खोटे असेल, तर अपरिवर्तित माणसे सभासद होतात आणि मंडळीचा पायाच ढासळतो. शिवाय आपले तारण झाले, असा चुकीचा भरवसा बाळगणारा मनुष्य पुढे खऱ्या पश्चात्तापाकडे वळण्याची शक्यता कमी होते. उलटपक्षी, खऱ्या ईश्वरी कार्याला ढोंग म्हणणे हेही पाप होय, अशी भीती असतेच. या संदर्भात समर्थक ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील गमलिएलाच्या सल्ल्याचा आधार घेतात : कार्य मनुष्याचे असेल तर ते नष्ट होईल, देवाचे असेल तर ते कोणास मोडता येणार नाही.

आरंभीचे वाद : अमेरिकेतील अठराव्या शतकाच्या मध्यावरील ‘महाजागृती’च्या काळात खरेपणाच्या कसोट्यांचा पहिला पद्धतशीर विचार जॉनथन एडवर्ड्‌स (१७०३–५८) या काँग्रिगेशनल पंथाच्या पाळकाने केला. १७४१ मधील आपल्या व्याख्यानात व १७४६ मधील धार्मिक भावनांवरील ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की अश्रू, कंप, किंकाळ्या, मूर्च्छा ही खऱ्या कार्याची खूण नव्हे, तशी ती खोटेपणाचीही खूण नव्हे. दीर्घकाळ टिकणारे ख्रिस्ती आचरण हीच मुख्य खूण होय. पुढील सर्व वादांत दोन्ही पक्षांनी एडवर्ड्‌सचाच आधार घेतलेला दिसतो.

महाजागृतीतून ‘सेपरेट बॅप्टिस्ट’ हा गट निघाला. शूबल स्टर्न्स (१७०६–७१) याने १७५५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील सँडी क्रीक येथे स्थापन केलेली सोळा जणांची मंडळी थोड्याच वर्षांत सहाशेवर गेली. स्टर्न्सची गेय प्रवचनशैली आणि श्रोत्यांचे रुदन जुन्या ‘रेग्युलर बॅप्टिस्टां’ना असभ्य वाटे, तर सेपरेटांना रेग्युलरांची उपासना शुष्क वाटे. व्हर्जिनियात १७८७ मध्ये दोन्ही गट एकत्र आले. परंतु भावनावेग आणि शिस्त यांतील ताण पंथात कायम राहिला.

एकोणिसाव्या शतकात वादाचे केंद्र बदलले. केंटकीतील केन रिज येथे ऑगस्ट १८०१ मध्ये प्रेसबिटेरियनांच्या पुढाकाराने भरलेल्या शिबिर-सभेस दहा ते वीस हजार लोक जमल्याचे अंदाज आहेत. चार्ल्स फिनी (१७९२–१८७५) याने १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उज्जीवन हा चमत्कार नसून योग्य साधनांच्या योग्य वापराचे फल होय, असा सिद्धांत मांडला. ‘चिंतातुरांचे बाक’ व अनेक दिवस लांबविलेल्या सभा ही त्याची साधने होत. जेकब नॅप (१७९९–१८७४) यांसारख्या बॅप्टिस्ट सुवार्तिकांनी तीच पद्धत स्वीकारली. याउलट मेरीलंडमधील ब्लॅक रॉक येथे १८३२ मध्ये जमलेल्या जुन्या वळणाच्या बॅप्टिस्टांनी आपल्या जाहीर निवेदनात मिशनरी संस्था व रविवारच्या शाळा यांच्याबरोबरच लांबविलेल्या सभांचाही निषेध केला. पुनर्जन्म देणे हे केवळ पवित्र आत्म्याच्या हाती असून त्यासाठी मानवी युक्त्या योजणे गैर आहे, ही त्यांची भूमिका होती. हा गट पुढे ‘प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट’ म्हणून ओळखला गेला.

यातूनच ‘उज्जीवन’ या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झाले. जुन्या अर्थाने उज्जीवन देवाकडून येते. त्याची तारीख ठरविता येत नाही. नव्या अर्थाने ते मंडळीच्या वार्षिक कार्यक्रमातील एक सभामालिका असते. दक्षिणेतील शेतकरी समाजात पिकांची मशागत संपून कापणी सुरू होईपर्यंतच्या उन्हाळी विसाव्यात ती भरविण्याची प्रथा पडली. वादातील पुष्कळसा गोंधळ या दोन अर्थांच्या सरमिसळीतून उद्‌भवतो.

तंबूसभेचे स्वरूप : तंबू ही कोणत्याही एका मंडळीची वास्तू नसल्याने चर्चची पायरी न चढणारा मनुष्यही तेथे येतो. भाड्याचे मैदान, लाकडी खुर्च्या, जमिनीवर पसरलेला लाकडाचा भुसा आणि तात्पुरते व्यासपीठ एवढ्यावर काम भागते. रोज सायंकाळी सामुदायिक गीते, साक्षी, सुवार्तिकाचे प्रवचन आणि अखेरीस ‘आवाहन’ असा क्रम असतो. आवाहनाच्या वेळी मंद स्वरात गीत चालू राहते व ज्यांना श्रद्धेचा निर्णय घ्यावयाचा असेल, ते पुढे चालत येतात. मदतनीस त्यांच्याशी बोलतात, प्रार्थना करवून घेतात आणि नाव व पत्ता नोंदवून ती पत्रिका स्थानिक पाळकाकडे पाठवितात. टीकाकारांचा मुख्य रोख या शेवटच्या भागावर असतो. पुढे चालत येणे म्हणजेच तारण होणे, असा समज त्यातून रूढ होतो, असे ते म्हणतात. समर्थकांच्या मते हे जाहीर कबुलीचे केवळ एक दृश्य रूप आहे.

लॉस अँजेल्स, १९४९ : आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध तंबूसभा सदर्न बॅप्टिस्ट सुवार्तिक बिली ग्रॅहॅम (१९१८–२०१८) यांनी लॉस अँजेल्स येथे घेतली. वॉशिंग्टन व हिल या रस्त्यांच्या चौकात सु. सहा हजार आसनांचा तंबू उभारण्यात आला. सभा २५ सप्टेंबर १९४९ रोजी सुरू झाली. सोव्हिएट रशियाने अणुस्फोट केल्याची घोषणा अध्यक्ष ट्रूमन यांनी दोनच दिवस आधी केली होती आणि ग्रॅहॅम यांच्या प्रवचनांत त्या भीतीचे पडसाद उमटले. तीन आठवड्यांसाठी योजलेली सभा आठ आठवडे, २० नोव्हेंबरपर्यंत चालली. रेडिओ-गायक स्टुअर्ट हॅम्ब्लेन व माजी ऑलिंपिक धावपटू लुई झॅम्पेरिनी यांच्या मनःपरिवर्तनामुळे आणि हर्स्ट वृत्तपत्रसमूहाने दिलेल्या प्रसिद्धीमुळे तिचा देशभर बोलबाला झाला. एकूण उपस्थिती सु. साडेतीन लाख मानली जाते.

सभा लांबत जाणे ही ईश्वरी कृपेची खूण, असे समर्थकांना वाटले. गर्दीचे श्रेय वृत्तपत्रांना आहे, असे इतर म्हणाले. झॅम्पेरिनी युद्धकैदी असताना जपानी पहारेकऱ्यांच्या छळाला बळी पडला होता. त्याने मद्यपान सोडले व १९५० मध्ये जपानला जाऊन तुरुंगात असलेल्या आपल्या माजी पहारेकऱ्यांना क्षमा केली. एडवर्ड्‌सच्या कसोटीवर उतरणारे हे उदाहरण होय. परंतु अशा निवडक उदाहरणांवरून हजारोंच्या जमावाविषयी अनुमान काढता येत नाही, हेही तितकेच खरे. बेलफास्टमध्ये जन्मलेले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक व उज्जीवनांचे इतिहासकार जे. एडविन ऑर (१९१२–८७) यांनी सुवार्ताप्रसार आणि उज्जीवन यांत भेद करण्याचा आग्रह धरला : पहिला मनुष्याचा प्रयत्न, दुसरे देवाची कृती.

सुवार्तिकांच्या आचरणाविषयीचा संशय ग्रॅहॅम यांनाही ठाऊक होता. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पैशाचे व्यवहार, लैंगिक नीती, उपस्थितीचे फुगवलेले आकडे आणि स्थानिक पाळकांवरील टीका या चार बाबतींत स्वतःवर निर्बंध घालून घेतले. १९५० मध्ये अटलांटा येथील दैनिकाने देणगीच्या पैशाच्या पिशव्यांचे छायाचित्र ग्रॅहॅम यांच्या छायाचित्रालगत छापल्यानंतर त्यांनी शेवटच्या दिवशीची देणगी स्वतः घेण्याची पद्धत सोडून ठरावीक वेतन स्वीकारले.

सहकार्य आणि समता यांविषयीचे आक्षेप : १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त सभागृहात ग्रॅहॅम यांची मोहीम सु. सोळा आठवडे चालली. तिला उदारमतवादी पाळकांचा समावेश असलेल्या प्रॉटेस्टंट परिषदेचा पुरस्कार होता. ‘सोर्ड ऑफ द लॉर्ड’ या नियतकालिकाचे बॅप्टिस्ट संपादक जॉन आर. राइस (१८९५–१९८०) यांनी यावरून ग्रॅहॅम यांचा पाठिंबा काढून घेतला. नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्यांना मूलभूत सिद्धांत न मानणाऱ्या चर्चमध्ये पाठविणे म्हणजे कोकरे लांडग्यांच्या स्वाधीन करणे, असा मूलतत्त्ववाद्यांचा आक्षेप होता. येथे खरेपणाची कसोटी अनुभवाकडून सिद्धांताकडे वळली.

दुसरा आक्षेप आचरणाचा होता. दक्षिणेत गोरे व कृष्णवर्णीय यांची आसने वेगळी ठेवण्याची रीत उज्जीवन सभांतही पाळली जाई. ज्या पश्चात्तापाने शेजारी बसण्याइतकाही फरक पडत नाही, तो कसला पश्चात्ताप, हा प्रश्न कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांच्या दृष्टीने मूलभूत होता. १९५३ मध्ये चॅटनुगा येथे ग्रॅहॅम यांनी आसने विभागणारे दोर स्वतः काढले आणि १९५७ च्या न्यूयॉर्क मोहिमेत बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांना प्रार्थनेसाठी व्यासपीठावर बोलाविले. तथापि नागरी हक्कांच्या लढ्यात ते पुरेसे पुढे आले नाहीत, अशी टीका त्यांच्यावर होत राहिली.

थांबून पाहण्याची कसोटी : सुधारणावादी परंपरेतील बॅप्टिस्टांनी १९७० नंतर आवाहनपद्धतीवरच पुन्हा टीका सुरू केली. पेनसिल्व्हेनियातील बॅप्टिस्ट पाळक वॉल्टर चँट्री यांच्या १९७० मधील पुस्तकाने झटपट निर्णयांच्या सुवार्तेला कृत्रिम ठरविले. निर्णय घेणाऱ्यास लगेच सभासद न करता काही काळ थांबावे, असा या पक्षाचा आग्रह असतो. लंडनचे चार्ल्स स्पर्जन (१८३४–९२) यांच्या मंडळीत प्रत्येक इच्छुकाची वडीलजनांकडून मुलाखत होई. भारतातील अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनच्या इतिहासातही, तंबूसभेशी संबंध नसलेले पण याच कसोटीचे एक उदाहरण आढळते. ओंगोल (आंध्र प्रदेश) येथील मिशनरी जॉन क्लफ (१८३६–१९१०) यांनी १८७६–७८ च्या दुष्काळात मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबविले, कारण अन्नाच्या आशेने कोणी येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यानंतर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला.

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने २००८ मध्ये पुनर्जन्म पावलेल्यांच्या सभासदत्वाविषयी संमत केलेल्या ठरावात १ कोटी ६२ लाखांहून अधिक नोंदलेल्या सभासदांपैकी आठवड्याच्या उपासनेस सु. ६१ लाखच उपस्थित असतात, हे मान्य करण्यात आले. टीकाकारांनी त्यात अनेक दशकांच्या घाईचा परिणाम पाहिला. २०१२ मध्ये याच संस्थेने निर्णयाच्या वेळी म्हटली जाणारी ‘पाप्याची प्रार्थना’ ग्राह्य ठरविली. मात्र तो मंत्र नव्हे, अशी पुस्तीही जोडली. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बर्लिंग्टन येथे थोड्या दिवसांसाठी उभारलेल्या तंबूतील बॅप्टिस्ट सभा अनेक आठवडे लांबल्या. हे खरे उज्जीवन आहे काय, हाच जुना प्रश्न त्यामुळे नव्याने चर्चिला गेला.

मूल्यमापन : या वादाचा निर्णय देणारी कोणतीही वरिष्ठ सत्ता बॅप्टिस्ट पंथात नाही. त्यामुळे निर्णय प्रत्येक मंडळीला आपापल्या सभासदांविषयी करावा लागतो. एकाच सभेत काहींचे परिवर्तन खरे व काहींचे वरवरचे असू शकते, ही एडवर्ड्‌सची भूमिका समंजस समर्थक आणि समंजस टीकाकार या दोघांनाही मान्य आहे. मतभेद उरतो तो बाप्तिस्मा किती लवकर द्यावा व संख्या केव्हा जाहीर करावी, यांविषयीचा. सुवार्तिक तंबू उतरवून पुढच्या गावी जातो. त्या रात्री पुढे आलेल्या माणसांचे पुढील आयुष्य पाहण्याची व त्यांना सांभाळण्याची जबाबदारी स्थानिक मंडळीवर पडते.