श्वेतसुरा ते हातभट्टी

‘होमब्रू’ आणि ‘हातभट्टी’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांची घडण जवळपास सारखी असल्याचे लक्षात येते. एकात घर आहे, दुसऱ्यात हात आहे. मोठ्या कारखान्यात न झालेली वस्तू, एवढेच दोन्ही शब्द मुळात सांगतात. परंतु पहिला शब्द उच्चारताच एखाद्या अमेरिकन गृहस्थाचे स्वच्छ स्वयंपाकघर, काचेचा बुधला आणि उन्हाळ्यासाठी तांदूळ व मध घालून केलेली हलकी बीअर डोळ्यांपुढे येते. दुसरा उच्चारला की काळा गूळ, नवसागर, पोलिसांची धाड आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी आठवते. दोन्हींत तांत्रिक भेद आहेच. बीअर नुसती आंबवलेली असते, हातभट्टीत आंबवलेल्या रसाचे ऊर्ध्वपातन होते. तरीही प्रतिष्ठेतले एवढे अंतर या भेदाने उलगडत नाही. त्यासाठी घरातला माठ आणि राज्यसंस्था यांच्या संबंधाचा इतिहास पाहावा लागतो.

तांदूळ आणि मध यांचा संयोग मात्र अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेतून निघालेला नाही. चीनच्या हनान प्रांतातील जियाहू येथे इसवी सनापूर्वी सुमारे ७००० वर्षांपासूनची वसाहत उत्खननात सापडली. तेथील मातीच्या भांड्यांना चिकटलेल्या अवशेषांचे रासायनिक विश्लेषण पॅट्रिक मॅकगव्हर्न व त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. त्या भांड्यांत तांदूळ, मध आणि द्राक्ष किंवा हॉथॉर्नसारखे फळ यांचे आंबवलेले पेय असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच ठिकाणी क्रौंच पक्ष्याच्या हाडांच्या बासऱ्याही मिळाल्या. संगीत आणि मद्य एकाच वस्तीत इतक्या प्राचीन काळी सापडावे, हे साहित्याच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे.

या संयोगामागे व्यवहारी कारण आहे. तांदळातील पिष्टाची साखर झाल्याखेरीज यीस्टला त्याचा उपयोग नसतो, आणि तांदळाला ते काम स्वतःहून साधत नाही. मोड आलेल्या सातूत त्यासाठी लागणारी विकरे असतात. आशियाने बुरशीयुक्त विरजणाचा मार्ग शोधला. मध मात्र तयार साखरच असतो. पाण्यात पातळ केला की तो आंबू लागतो. आजच्या हलक्या बीअरमध्येही हेच गुण कामी येतात. तांदळात प्रथिने कमी, म्हणून पेयाला जडपणा येत नाही; मधातील साखर जवळजवळ सगळी आंबून जाते, म्हणून गोडी मागे न राहता पेय कोरडे व हलके होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन मद्यकारांना तेथील सातू प्रथिनांनी जड वाटला, तेव्हा त्यांनी तांदूळ व मक्याचा आधार घेतला, तो याच कारणाने.

आपल्याकडे या विरजणाला ‘किण्व’ म्हणत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाचे प्रकरण त्याची पाककृतीच देते. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ मराठी अभ्यासकाच्या हाताशी आहे. ‘मेदक’ नावाच्या तांदळाच्या मद्यासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण तिथे दिले आहे. म्हणजे पाण्याचे सोळा भाग, तांदळाचे दोन आणि किण्वाचे तीन. किण्व उडीद, तांदूळ आणि वनस्पतींपासून होई. कवठ, काकवी आणि मध यांपासून आसव करण्याची कृतीही तिथे आहे. गंमत अशी की, याच प्रकरणात ‘मधु’ हा शब्द एकदा मध या अर्थाने येतो आणि एकदा द्राक्षाच्या मद्यासाठी. गोडी आणि धुंदी यांना भाषेने एकाच शब्दात बसवले आहे. इंग्रजीतील ‘मीड’ त्याच मुळातून आला. चिनी भाषेतील मधाचा ‘मी’ हा शब्दही याच कुळातल्या तोखारी शब्दावरून घेतला गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

पण या प्रकरणातले खरे महत्त्वाचे वाक्य पाककृतीचे नाही. कौटिल्याचे राज्य मद्याच्या बाबतीत मुळीच ढिले नाही. विक्री नियंत्रित आहे, दंड आहेत, हेर आहेत. तरीही कुटुंबवत्सल माणसाला सणासमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची खास मोकळीक आहे. सुरा आणि किण्व यांसाठी लागणारे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे, असेही तिथे म्हटले आहे. सर्वत्र नजर ठेवू पाहणारे हे राज्य घरातल्या माठापाशी येऊन थोडे थबकते. बाजार माझा, पण सणाच्या दिवशीचे घर तुझे, असा तो अलिखित करार होता.

तो करार आपल्याकडे मोडला एकोणिसाव्या शतकात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्तेदाराच्या भट्टीत एकवटली आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्या बेकायदा ठरल्या. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. जी फुले आदिवासींचे अन्नही होती. हेतू मद्यपान घटवण्याचा होता, असे म्हणणे कठीण आहे, कारण महसूल वाढत होता आणि दुकानेही. पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीला हरकत घेतली, ती याच पार्श्वभूमीवर. घरचे बंद आणि दुकानातले खुले, हे त्या धोरणाचे सार होते. १९२२ साली दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी देवीच्या आदेशाने दारू सोडली, तेव्हा ते व्यसनाइतकेच दुकानदाराच्या सत्तेलाही नाकारत होते. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याविना केलेल्या निर्मितीला गुन्हाच ठेवले.

हा केवळ वसाहतीचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. खुद्द ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बीअर करायला परवाना लागे. ती अट १९६३ साली गेली. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, बीअर मात्र राहून गेली. ती उणीव १९७८ च्या कायद्याने भरून काढली आणि दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बीअर विक्रीविना करण्याची परवानगी मिळाली. तिथल्या छोट्या मद्यशाळांच्या भरभराटीची बीजे या परवानगीत होती. ‘होमब्रू’ला लाभलेली प्रतिष्ठाही त्या परवानगीचीच देणगी आहे.

याचा अर्थ हातभट्टीचा गौरव करावा असा नाही. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. ते मरण घरच्या माठातून आले नव्हते, मिथेनॉल मिसळणाऱ्या चोरट्या धंद्यातून आले होते. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचा आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा विसर पडला, तर हा इतिहास अर्धवटच राहील. परंतु ज्या वस्तूवर घराचा, सणाचा आणि थोरल्या बायकांचा वचक होता, ती घरातून हुसकून अंधारात ढकलल्यावर तो वचकही गेला, हेही या इतिहासाचेच अंग आहे.

‘किण्वन’ हा शब्द आज विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात सुखरूप आहे. ‘किण्व’ मात्र स्वयंपाकघरातून नाहीसे झाले. कोशात ‘हातभट्टी’पुढे ‘बेकायदा दारू’ असा अर्थ आपण वाचतो, तेव्हा तो हात आणि भट्टी या दोन शब्दांच्या जोडणीतून निघालेला नसतो. तो अर्थ कायद्याने लिहिला आहे, आणि आपण तो भाषेचा म्हणून स्वीकारला आहे.